मोरचुदाचं पाणी

हुपरीत आमच्या शेडमध्ये तीन हौद:
आम्लाचा, धुण्याचा
आणि मोरचुदाचा, निळाशार.
ह्यात हात घालायचा नाही, हे मला
चालायच्या आधी शिकवलं गेलं.
चांदीचं पाणी पलीकडच्या खोलीत.
त्या खोलीला कुलूप, किल्ली आदाप्पाच्या करगोट्याला.

दहावीत पाटोळे सरांनी फळ्यावर
सोडिअमभोवती तीन वर्तुळं काढली.
शेवटच्यावर एकच ठिपका.
तो तळहातानं पुसला,
"दिला. आता हा धन आयन."
मग क्लोरिनच्या सातांच्या पंगतीत
आठवा ठिपका बसवला,
"घेतला. हा ऋण."

मी बाकावरून उठले.
सर, ज्याचं गेलं तो धन कसा?
मागच्या बाकावरची पोरं हसली.
सर हसले नाहीत. खडूचा हात शर्टाला पुसत म्हणाले,
"इलेक्ट्रॉन मुळातच ऋण असतोय गं.
उणं गेलं की अधिक उरतं."

म्हणजे सोडिअम काही दानशूर नव्हे.
आपलं उणं दुसऱ्याच्या पदरात घालून
मोकळा झालेला माणूस.
घरी येऊन आप्पांची वही चाळली.
चांदी आली इतकी, गुजरीत गेली इतकी,
घट इतकी.
उणं देऊन अधिक झालं
असं एक पान सापडेना.

त्याच वर्षी राजमतीअक्काचं लग्न झालं.

पाटोळे सरांनी सांगितलं होतं,
ठिपका गेला तरी सोडिअम सोडिअमच.
आत अकरा प्रोटॉन होते, अकराच राहतात.
फक्त नावाच्या खांद्यावर
एक बारकी अधिकची खूण.
इचलकरंजीत अक्कापुढं तांदळाचं ताट आलं.
अंगठीनं त्यात लिहिलं, स्नेहल.
ती वाकून वाचत होती,
जणू दुसऱ्याच कुणाचं पत्र.

सोडिअम देतो आणि आकसतो.
शेवटचं वर्तुळच जातं ना.
आईनं चौथ्या दिवशी
माळ्यावरून लहान परात काढली.
कुणी काही बोललं नाही.
आप्पांनी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या
आणि पाणी पिऊन शेडमध्ये गेले.

मीही मागून गेले.
रेक्टिफायर घुमत होता.
एका टोकाला तांब्याची पट्टी, दुसऱ्या टोकाला
पितळी पैंजणांचा झुबका, तारेला टांगलेला.
पट्टीवरचं तांबं दोन इलेक्ट्रॉन मागं टाकतं
आणि एकटं पाण्यात उतरतं.
इलेक्ट्रॉन जातात तारेच्या वाटेनं,
तांबं जातं निळ्या पाण्यातून,
भेट पैंजणावर.
अक्काचं कपाट असंच टेम्पोतून गेलं होतं
आणि ती पाहुण्यांच्या गाडीतून.
तिकडं कोण आधी पोचलं, कधी विचारलं नाही.

तेवढ्यात लाईट गेली.
आदाप्पा अंधारात म्हणाला,
"आता बसा. निम्मं चढलंय, निम्मं पाण्यात."
मी हौदावर वाकले. काही दिसेना.
पण तिथं होतं ते. पट्टीपासून सुटलेलं,
पैंजणाला न लागलेलं,
दोन-दोन अधिकच्या खुणा घेऊन
ताटकळलेलं तांबं.
ह्याला धन म्हणायचं असेल तर म्हणा.

आप्पांचा फोन वाजला. अक्का होती.
आप्पांनी "हं, हं" केलं, माझ्याकडं दिला.
काय खाल्लंस, मी विचारलं.
खर्डा केला होता, म्हणाली, पण हितं मीठ
लई कमी लागतंय ह्यांना.
मग?
मग काय, मी ताटात वरनं घेतलं.
थोडं थांबून:
सासूबाई बघत होत्या.

लाईट आली. रेक्टिफायर पुन्हा घुमायला लागला.
मी म्हटलं, ठेव आता, पैंजण काढायचेत.
ती म्हणाली, किती झालेत?
मी मोजले नव्हते.
तरी सांगितलं, अकरा.